वसईची चांदी आणि बाबांचा पगार

परवा रविवारी सकाळी चहा घेत असतानाच भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीला असतो, म्हणजे तिकडे शनिवारची रात्र. ख्यालीखुशाली झाली, ताईच्या गुडघ्याचा विषय झाला, आणि मग एकदम म्हणाला, "मामा, तू इतिहासाची पुस्तकं वाचत बसतोस ना, मग एक सांग. अमेरिका रोमसारखी बुडणार का रे?"

मी म्हटलं, "का? काय झालं?"

"काही नाही, घर घ्यायचंय. तीस वर्षांचं कर्ज आहे."

मला हसू आलं. रोमचं साम्राज्य बुडालं त्याची चिंता आजवर पुष्कळांनी केली असेल, पण गृहकर्जाच्या संदर्भात करणारा आमचाच भाचा. "विचार करून सांगतो" म्हणून फोन ठेवला खरा, पण तो प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही. फोनवर हे सगळं सांगणं काही जमायचं नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई, तूही वाच, आणि बाबांबद्दल काही चुकलं असेल तर सांग.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी काही इतिहासकार नाही. बँकेत तेहेतीस वर्षं काढली, त्यामुळे मला कुठलंही साम्राज्य दिसलं की आधी त्याचं पासबुक बघावंसं वाटतं. सवयच लागली आहे, काय करणार!

आता रोम. साम्राज्यं का बुडतात म्हटलं की सगळे रोमवरच जातात, कारण गिबन नावाच्या इंग्रज माणसाने त्यावर सहा जाडजूड खंड लिहून ठेवले. त्यातला पहिला खंड आला फेब्रुवारी १७७६ मध्ये. गंमत बघा, त्याच्या पुढच्याच महिन्यात, १ मार्च १७७६ ला, त्याचेच देशबांधव पुरंदरला मराठ्यांबरोबर तह करत होते, आणि घासाघीस ज्यावर चालली होती त्यात आपलं ठाणं आणि साष्टी होती. म्हणजे एकीकडे जुनं साम्राज्य का पडलं त्याचा अभ्यास आणि दुसरीकडे नव्याची जमवाजमव. दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली.

तेव्हा मी ठरवलं, रोमला जायला नको. वर्तकनगरहून स्टेशनकडे जाताना जेवढं दिसतं तेवढं पुरे आहे.

ठाणं या बाबतीत भाग्यवान (की दुर्दैवी?) गाव आहे. इथे राजधान्या झाल्या आणि गेल्या. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं हे स्थानक. त्यांनी बांधलेलं अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर, त्याला देवगिरीच्या महादेव यादवाने १२६५ च्या सुमारास संपवलं. आणि जेमतेम तीस वर्षांनी, १२९६ ला, त्याच देवगिरीच्या दारात अल्लाउद्दीन खिलजी उभा. गिळणाऱ्याला पचवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. शिलाहारांच्या पासबुकाबद्दल मला फार बोलता येणार नाही, ताम्रपट आहेत ते बहुतेक दानाचे. खर्चाची बाजू दिसते, जमेची नाही. असो.

त्यानंतरचे पोर्तुगीज मात्र माझे आवडते. आवडते म्हणजे अभ्यासाला.

ठाण्याच्या सेंट्रल जेलची ती उंच दगडी भिंत आपण रिक्षातून कितीतरी वेळा बघितली आहे. मी कॉलेजात जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की तो किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १७३० नंतर बांधायला घेतला. म्हणजे वसई, साष्टी ताब्यात येऊन दोनशे वर्षं होत आली तेव्हा! १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना तोडून दिली होती. दोनशे वर्षं ठाण्याला मोठा किल्ला लागला नाही, आणि जेव्हा लागला तेव्हा तो पुरा करायला ना वेळ उरला होता ना पैसा. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा काम अर्धवटच होतं.

आपल्याला शाळेत शिकवलं ते चिमाजी अप्पांच्या पराक्रमाचं, आणि ते खरंच आहे. वसईच्या वेढ्यात मराठ्यांची माणसं किती पडली ते वाचलं तर अंगावर काटा येतो. पण भिंतीच्या आतल्या बाजूला काय चाललं होतं ते कुणी शिकवलं नाही. मला तिथेच जास्त रस आहे.

पोर्तुगाल हा मुळात लहानसा देश. सोळाव्या शतकात त्याची लोकसंख्या जेमतेम दहा-पंधरा लाख. एवढ्या माणसांत ब्राझीलपासून मकावपर्यंत ठाणी सांभाळायची. मग एकेक गळायला लागलं. १६२२ ला होर्मुझ, १६४१ ला मलाक्का, १६५० ला मस्कत, १६५६ ला कोलंबो, १६६३ ला कोचीन, १६९८ ला मोंबासा. मुंबई तर लग्नाच्या आहेरात देऊन टाकली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शाखा बंद होत होत्या, पण हेड ऑफिसचा थाट तसाच. वसईच्या कोटात राहणारे सरदार 'दोम' लावून मिरवत होते, आसपासची गावं त्यांना आणि चर्चच्या संस्थांना खंडाने दिलेली होती, आणि गावात राबणाऱ्याचा संबंध फक्त वसुलीपुरता.

त्यात धर्माचा जाच. हिंदूंनी उघडपणे सण, लग्नं, पूजा करायची चोरी. साष्टीच्या बखरीत आणि अंजूरकर नाईकांच्या हकिकतीत हे सगळं आलं आहे. अंजूर म्हणजे भिवंडीजवळचं. तिथल्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे जाऊन ही मोहीम व्हावी म्हणून कित्येक वर्षं खटपट केली. मोहीम आली तेव्हा वाटा दाखवायला, बातम्या काढायला माणसं इथलीच. म्हणजे दोनशे वर्षं ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनीच शत्रूला बोलावलं, आणि खाडीला उतार कुठे आहे तेही सांगितलं.

आता पासबुकाकडे येतो. वसईला वेढा पडला. आत शिबंदीला द्यायला पैसे नाहीत. गोवा स्वतःच अडचणीत. तेव्हा वसईच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे कर्ज मागितलं, आणि तारण म्हणून काय ठेवलं? चर्चमधली चांदी! ज्या धर्माच्या नावाने दोनशे वर्षं लोकांना पिडलं, त्याच धर्माची भांडी गहाण टाकून शिपायांचं पोट भरायची वेळ आली. इंग्रजांनी थोडी रक्कम दिली, तारण ठेवून घेतलं आणि बाकी मजा बघत बसले. मे १७३९ मध्ये वसई पडली. अप्पांनी आतल्या लोकांना बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिलं. चर्चच्या घंटा मात्र देवळांत गेल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आजही आहे, १७२१ सालची.

आणि ते सगळं जाऊन काय उरलं? शब्द. चावी, बादली, पाव, मेस्त्री हे सगळे त्यांचेच. पण दोन शब्द मला फार सूचक वाटतात. एक 'तुरुंग'. त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला आज तोच आहे. आणि दुसरा 'पगार'. जो त्यांना शेवटी देता आला नाही तो.

पगारावरून बाबांकडे वळतो. थोडं विषयांतर वाटेल, पण नाही.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती नाही आणि मालकही गेले. १९६८ पासून बाबा तिथे. वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्या त्याच पगारावर चालल्या, ताईचं लग्न त्यावरच झालं. महिन्याच्या सात तारखेला पगार व्हायचा. सात तारीख म्हणजे सात तारीख. आई त्या दिवशी संध्याकाळी शिरा करायची.

मग कधीतरी सातची दहा झाली. बाबा घरी म्हणाले, "बँकेचा काहीतरी घोळ आहे." मी बँकेतच होतो, मला माहीत होतं की घोळ बँकेचा नाही. पण बोललो नाही. दहाची पंधरा झाली. कँटीनचा चहा बंद झाला. एका दिवाळीला बोनसऐवजी टॉवेल मिळाले. मालकांच्या केबिनला मात्र त्याच वर्षी नवीन एअरकंडिशनर बसला, आणि ऑफिसच्या दर्शनी भिंतीला रंग.

त्या काळात बाबा फार शरमलेले असायचे. शेजारच्या काकांनी "पगार झाला का?" विचारलं की "झाला की" म्हणून खोटं बोलायचे. वाण्याचे पैसे द्यायला आईला माझ्याकडून घ्यायला सांगायचे, पण स्वतः मागायचे नाहीत. मला तेव्हा राग यायचा. लाज मालकाला वाटायला हवी, यांना कशाला? आज कळतं की त्या शरमेतच कंपनी जिवंत होती. 'आमच्या कंपनीत असं होतं' याची ती शरम होती.

पुढे तीही गेली. १९९४ मध्ये बाबा गॅलरीत उभं राहून मोठ्याने सांगायला लागले, "चार महिने दिला नाही साल्यांनी." आमच्या कंपनीची 'ती कंपनी' झाली. शेवटी शेवटी रात्री आतली तांब्याची वायर, मोटारी, जे उचलता येईल ते बाहेर जात होतं. कुलूप कुणी तोडलं नव्हतं, गेट आतून उघडलं जात होतं. मी बाबांना विचारलं, "वॉचमन काही बोलत नाही?" तर म्हणाले, "त्याला सहा महिने पगार नाही. तो कुणाचा वॉचमन?" पावसाळ्याच्या आधी गेटवर नोटीस लागली.

तो कुणाचा वॉचमन? मला वाटतं गिबनच्या सहा खंडांत हा प्रश्न विचारायचा राहिला असणार. (मी सहाही वाचलेले नाहीत, हे भाच्याला माहीत आहे.)

आता वसईलाच पुन्हा जाऊ. कारण माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी जागा तीच आहे, पानिपत नव्हे. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, सहा हजार कवायती पायदळ पदरी बाळगायचं आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. राज्याची राखण दुसऱ्याकडे गेली, आणि बिल आपल्याकडे. हा दुसरा बाजीराव म्हणजे अप्पांच्या सख्ख्या भावाचा नातू. मध्ये अंतर फक्त ६३ वर्षांचं. १७३९ ला लहान मूल असलेला वसईतला एखादा म्हातारा दोन्ही बघून मेला असेल. त्याला काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

चौदाव्या शतकात ट्यूनिसचा इब्न खल्दून नावाचा मोठा विचारवंत होऊन गेला. त्याने १३७७ मध्ये लिहून ठेवलं की राजघराण्यांचं आयुष्य साधारण तीन पिढ्यांचं, एकशेवीस वर्षांचं. पहिली पिढी एकमेकांना धरून असते, त्या जोरावर राज्य मिळवते. दुसरी ते उपभोगते. तिसरी ते कसं मिळालं तेच विसरते, आणि राखायला भाडोत्री माणसं ठेवते. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले १७१३ ला, पेशवाई गेली १८१८ ला. एकशेपाच वर्षं. त्याच्या हिशोबातही पंधरा कमीच!

पण पिढ्या मोजून भागत नाही. पासबुक बघितलं तर कर्ज पहिल्या बाजीरावालाही होतं, आणि रग्गड होतं. ब्रह्मेंद्रस्वामींसारखे सावकार मागे लागलेले असायचे. तरी राज्य वाढत होतं. म्हणजे नुसतं कर्ज हे काही बुडण्याचं लक्षण नाही. भाच्या, ही ओळ दोनदा वाच.

फरक पडला तो दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी, आणि तो वसुलीच्या पद्धतीत पडला. मामलती लिलावाने जायला लागल्या. जो जास्त बोली बोलेल त्याला परगणा. त्यालाही खात्री नाही की पुढल्या वर्षी आपल्याकडे राहील, कारण कुणी वर बोली लावली की हा बाहेर. मग तो काय करणार? हाती आहे तोवर पिळून घेणार. विहीर खणणार नाही, बांध घालणार नाही, दुष्काळात सूट देणार नाही. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात हे सगळं आहे. जिंकणाऱ्याने लिहिलंय म्हणून थोडं वजा करून वाचा, पण बँकेत मी जेवढं बघितलं त्यावरून सांगतो, यात वजा करण्यासारखं फार नाही. ज्याची मुदत वर्षाची, तो झाडाला पाणी घालत नाही, तो फळं तोडतो.

आणि त्याआधी १७९८ ला तर कमाल झाली होती. बाजीरावाने गादीवर बसवल्याबद्दल दौलतराव शिंद्यांना दोन कोटी कबूल केलेले. शिंद्यांच्या फौजेचा पगार थकलेला. मग सर्जेराव घाटग्याला पुण्यातल्या सावकारांकडून, श्रीमंतांकडून पैसे काढायला मोकळं सोडलं. कसे काढले ते इथे लिहीत नाही. राजाच्या संमतीने राजधानी लुटली गेली! चार वर्षांनी यशवंतराव होळकर पुण्यावर आला आणि बाजीराव पळाला, तेव्हा पुण्याच्या लोकांना नक्की कुणासाठी रडावं ते कळलं असेल का?

मग १८१७. ५ नोव्हेंबरला खडकी, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. ते चढवलं बाळाजीपंत नातूने. आपण शाळेपासून त्याला शिव्या देत आलो आहोत, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण मला आता वाटतं, नुसत्या शिव्या देण्यात आपली एक सोय होते. निशाण चढवणारा एक असतो, पण ते उतरवायला कुणी धावलं नाही, त्याचं काय? बापू गोखले आष्टीला लढता लढता पडले, अशी माणसं शेवटपर्यंत होती. नव्हतं ते त्यांच्या मागचं गाव. कोकणातली, देशावरची पोरं तोवर कंपनीच्या पलटणीत जाऊ लागली होती. का? तिथे पगार वेळेवर व्हायचा. सात तारीख म्हणजे सात तारीख.

बाजीराव ३ जून १८१८ ला माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाख तनखा घेऊन ब्रह्मावर्ताला गेला आणि १८५१ पर्यंत जगला. तेहेतीस वर्षं पेन्शन खाल्ली. माझी नोकरी जेवढी तेवढी त्याची पेन्शन! असो.

जाता जाता ठाण्याच्या किल्ल्याचं एक सांगून टाकतो. १८१६ ला बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होता आणि सप्टेंबरात इथूनच निसटला. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, म्हणजे फितुरी नको. तर म्हणे बाहेर एक मोतद्दार घोडा खरारता खरारता मराठीत गाणं म्हणत बसायचा, आणि गाण्यात पळून जायचा सगळा बेत असायचा. गोऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं. बिशप हेबर पुढे इकडे आला तेव्हा त्यालाही ही गोष्ट ऐकायला मिळाली. खरी असो नसो, ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांचं गाणं न कळणं म्हणजे काय ते त्यात आहे.

आता भाच्याचा प्रश्न. आजचे देश तसेच आहेत का?

पासबुकापुरते आहेत. रोमनांनी आपल्या नाण्यातली चांदी काढत काढत जवळजवळ शुद्ध होती ती तिसऱ्या शतकात पाच टक्क्यांच्या खाली आणली. आता नोटा आहेत, चांदी काढायचे कष्टही नाहीत. अमेरिकेने २०२४ च्या आर्थिक वर्षात कर्जाच्या व्याजावर संरक्षणापेक्षा जास्त पैसे घालवले. हे वाचून मी चष्मा पुसला होता. ब्रिटनचं बघा, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो हिंदुस्थानचंच सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. ज्यांनी वसईची चांदी तारण ठेवून घेतली त्यांच्यावर ही पाळी आली. साम्राज्य गेलं, पण ब्रिटन आहे ना? पोर्तुगालही आहे. १९६१ ला गोवा गेला, १९७५ पर्यंत आफ्रिका गेली, आणि पोर्तुगीज माणूस आज त्याच्या खापरपणजोबापेक्षा सुखाने जेवतो. साम्राज्य बुडणं आणि देश बुडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते १९९१ सालाने. दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या.

तिकडे सोव्हिएत युनियनमध्ये मार्च महिन्यात सार्वमत झालं. काही प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कार घातला, पण जिथे मतदान झालं तिथे तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी संघराज्य राहावं असंच मत दिलं. आणि डिसेंबरात ते मोडलं तेव्हा? अण्वस्त्रं होती, फौज होती, पक्ष होता. वाचवायला कुणी उठलं नाही. लोक रांगेत उभे होते, पावासाठी.

इकडे त्याच वर्षी आपण सोनं गहाण टाकलं. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशी पाठवलं, बरंचसं बँक ऑफ इंग्लंडकडे. तारण म्हणून. म्हणजे पुन्हा तेच, आणि पुन्हा इंग्रजांकडेच! माझ्या हिशोबाने वसईच्या नियमाप्रमाणे आपण बुडायलाच हवं होतं. त्यात मे महिन्यात ऐन निवडणुकीत राजीव गांधींची हत्या झालेली, कुणालाच बहुमत नाही.

बातमी पेपरात आली त्या दिवशीची आमची चाळीसारखी ती गॅलरी मला लख्ख आठवते. शेजारच्या काकू, ज्यांना रिझर्व्ह बँक म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मंगळसूत्र गहाण टाकल्यासारखंच की हो हे." बाबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. कंपनीचा पगार दहा तारखेला गेला होता तेव्हा जे तोंड होतं, तेच तोंड. बँकेत आमचे सगळ्या रंगांचे युनियनवाले त्या दिवशी एकाच टेबलावर बसून जेवले.

वसईची चांदी गेली तेव्हा साष्टीतल्या किती घरांत असं तोंड करून कुणी बसलं असेल? तुम्हीच सांगा. पुढल्या वर्षा-दोन वर्षांत सोनं सुटलं की नाही, सुधारणा बरोबर होत्या की चूक, यावर भांडायला लोक आहेत आणि भांडतात. पण मतदान तीन आठवडे पुढे ढकललं गेलं तरी पुरं झालं, सरकार बदललं, निशाण नाही बदलावं लागलं. चिमाजी अप्पांना खाडीपलीकडून बोलवायला लागलं नाही. जुन्या साम्राज्यांत माणसाला ही सोय नव्हती. राजा नको असेल तर शत्रू आणावा लागे.

म्हणून मी काही अगदीच निश्चिंत आहे असं नाही. आमच्या सोसायटीचंच घ्या. पुनर्विकासाचा एवढा मोठा प्रश्न, बत्तीस घरं, आणि परवाच्या सर्वसाधारण सभेला आम्ही सात जण. कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबलो आणि मग त्याच सात जणांत सभा झाली. बिल्डरचा माणूस मात्र वेळेवर हजर होता, पेढे घेऊन. जे आले नाहीत त्यांना विचारलं तर म्हणाले, "काय ते तुम्हीच ठरवा, आम्हाला काय कळतंय." १८०२ ला पुण्यात लोक असंच काहीतरी म्हणत असतील असं मला त्या रात्री वाटलं, आणि झोप लागली नाही. सौ. म्हणाली, "पेढे खाल्लेत ना, ॲसिडिटी असेल."

काल रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, "व्याज किती, ते नंतर बघू. तू घर घेतोस त्या गावात शाळेच्या कमिटीच्या मीटिंगला लोक येतात का? रस्त्यावरचा बर्फ काढणारी माणसं कायमची आहेत की दरवर्षी कंत्राट बदलतं? त्यांचा पगार वेळेवर होतो का?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, मी तुला हप्ता किती बसेल ते विचारणार होतो."

हप्ता काढून दिला. जरा जास्त आहे, पण दोघं कमावतात, झेपेल. डिसेंबरात येतोय तो. वसईला घेऊन जाणार आहे. घोडबंदर रोडवर ट्रॅफिक नसेल तर सकाळी लवकर निघून किल्ला बघून दुपारी जेवायला घरी. ताई, तूही ये, गुडघा बरा असला तर. आत फार चालावं लागत नाही, आणि समुद्राच्या बाजूच्या दरवाजापाशी बसायला सावली आहे.